पाच तारांचं वेड

गेल्या गुरुवारी रात्री अडीच वाजता मी उठले, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर गुणाकार करायला बसले. जायची-यायची मिळून सोळा मीटर तार, दीड चौरस मिलिमीटर जाडी, तीन अँपिअर. उत्तर आलं आणि मी एकटीच हसले. आतून नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "अर्ध्या व्होल्टाहून जास्त खाते हो ही तार!" आतून पुन्हा आवाज आला नाही.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. विजेशी माझा संबंध फ्यूज उडाला की मेणबत्ती शोधण्यापुरता. पण कुडाळच्या बाजारात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. डाखाचा तो वास अजून कुठं आला तर मी वळून बघते. अण्णा गेल्यावर त्यांचा काट्याचा मोटवाने मल्टिमीटर माझ्याकडे आला आणि कपाटात माळेच्या डब्याशेजारी पडून राहिला. तो मीटर बावन्नाव्या वर्षी मला एखाद्या पोरासारखं नादाला लावेल, हे कुणाला ठाऊक होतं!

देवबागला माझा मावसभाऊ पर्यटकांना स्कूबासाठी बोटीतून नेतो. चोवीस फुटी फायबरची बोट. गेल्या वर्षी त्यानं साठ हॉर्सपॉवरचं नवं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन घेतलं आणि सोबत एक गोल, पडद्याचं गेज. फेरे, तापमान, पेट्रोल किती जळतंय ते, सगळं एकाच तबकडीवर. दिसायला झकास. फक्त एक खोड. चावी फिरवली की गेज उजळायचं, मशीन सुरू करायला गेलं की काळं ठार. मग चार-पाच सेकंदांनी पुन्हा कंपनीचं चिन्ह दाखवत जागं व्हायचं. त्याच्याबरोबर शेजारच्या फिश फायंडरवरून इंजिनाचे आकडेही गायब. बाहेरून आलेल्या एका कारागिरानं ते बसवलं होतं, आणि फोनवर त्यानं निदान केलं की इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून भावानं अख्खा हंगाम तसाच काढला.

पावसाळ्यात बोट वर ओढलेली. नारळी पौर्णिमा झाल्यावर त्याचा फोन आला. "ताई, अण्णांचो मीटर असा मा गो तुझ्याकडे? मशीन चालू करतंय की ह्येचो डोळो मिटता."

मी गेले. जाताना एसटीत वेळ जावा म्हणून त्यानं पाठवलेली गेजची माहितीपुस्तिका मोबाइलवर उघडली. आणि देवबागला उतरायच्या ऐवजी मी अजून एक तास बसले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं! इतकं सुंदर काहीतरी मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

आधी जुनं सांगते, म्हणजे नव्याची गंमत कळेल. जुन्या बोटीत प्रत्येक गेजला स्वतःची तार असते, आणि अमेरिकी रंगसंकेतानं बांधलेल्या बोटीत प्रत्येकीचा रंग ठरलेला. फेऱ्यांना करडी. तेलाच्या दाबाला फिकट निळी. पाण्याच्या तापमानाला बदामी. पेट्रोलच्या टाकीला गुलाबी. चावीतून येणाऱ्या विजेला जांभळी. टाकीत एक तरंगता गोळा, तो खाली गेला की रोध वाढतो: टाकी भरलेली असताना सुमारे ३३ ओहम, रिकामी झाली की २४०. काटा बिचारा तेवढंच ओळखतो. साधं, प्रामाणिक, पण पाच गेजं म्हणजे पाच तारा, शिवाय वीज, दिवा. दोन इंजिनं असली तर दुप्पट. फळी उचलली की खाली शेवयांचा गुंता.

आणि नवं? फळीखालून करंगळीपेक्षा बारीक एकच केबल. तिच्या पोटात पाच तारा. लाल आणि काळी विजेच्या. पांढरी आणि निळी बोलण्याच्या. पाचवी उघडी, सगळ्यांभोवतीच्या कवचाला लागून जाणारी. बस! या एका कण्यावर इंजिन, गेज, खोली मोजणारं यंत्र, जीपीएस, वाऱ्याचा पंखा, सगळे 'टी'च्या आकाराच्या जोडांनी येऊन बसतात. एकाला उपटून काढलं तरी बाकीच्यांचं बोलणं चालूच. एका कण्यावर पन्नास यंत्रांपर्यंत चालतं!

या बोलीचं नाव एनएमईए २०००. अमेरिकेत १९५७ मध्ये सुरू झालेली नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन ही तिची आई. त्यांची आधीची बोली १९८३ ची, नाव ०१८३. तिच्यात एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वेग सेकंदाला ४,८०० बिट. नवीचा वेग २,५०,००० आणि सगळ्यांनी बोलायचं. पाया मात्र मोटारीचा आहे. बॉश कंपनीनं १९८६ मध्ये गाड्यांसाठी 'कॅन' नावाची पद्धत जगापुढे मांडली, तीच इथं पाण्यात उतरली. बॉश म्हणजे आपल्या नाशिकची पूर्वीची मायको! माझा मीटरही नाशिकचा. मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आता खरी मजा. सगळ्यांनी बोलायचं म्हणजे गोंधळ नाही का होणार? आमच्या शाळेत शिक्षकांच्या सभेत आठ माणसं असतात आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. इथं दोन तारांवर पन्नास जण, आणि सभापती नाहीच!

तर असं आहे. कुणी बोलत नसलं की पांढऱ्या आणि निळ्या, दोन्ही तारांवर अडीच-अडीच व्होल्ट. बोलायचं म्हणजे पांढरी वर साडेतीनकडे चढते, निळी खाली दीडकडे उतरते. या ताणलेल्या अवस्थेला म्हणायचं शून्य आणि निवांत अवस्थेला एक. ऐकणारा दोघींमधला फरक तेवढा बघतो. मशीनच्या ठिणगीमुळं तारेवर कचरा आला तर तो दोघींवर सारखाच येतो, फरक तोच राहतो, निरोप स्वच्छ. इथपर्यंतच मी खूश होते. पण पुढं वाचा. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला एक आकडा असतो, लहान आकडा म्हणजे जास्त महत्त्वाचा निरोप. आणि प्रत्येक यंत्र बोलता बोलता स्वतः तारेला कान लावून असतं. समजा दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडलं. आकडे जुळताहेत तोवर दोघंही बोलत राहतात. मग एका ठिकाणी एकानं 'एक' म्हटलं आणि तारेवर ऐकू आलं 'शून्य'. त्याला समजतं की आपल्याहून तातडीचं कुणीतरी बोलतंय. तो तिथल्या तिथं गप्प! आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही की कुणी आडवं आलं होतं. त्याचा एक शब्द वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. गप्प झालेला नंतर जागा मिळाली की आपलं सांगतो. मी एसटीत मोठ्यानं "वा!" म्हणाले. शेजारच्या काकूंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

शिवाय जागा धरण्याचा प्रकार आहे. चालू झालं की प्रत्येक यंत्र जाहीर करतं, हा क्रमांक माझा. दोघांनी एकच क्रमांक धरला तर दोघांची लांबलचक जन्मनावं ताडून बघतात, लहान आकड्याचं नाव जिंकतं, दुसरं निमूट दुसरी जागा शोधतं. हा हुबेहूब रुमाल टाकून जागा धरण्याचा धंदा, फक्त भांडण वजा!

आणि निरोप काय असतात? इंजिनाच्या फेऱ्यांच्या निरोपाचा क्रमांक १२७४८८, सेकंदाला दहा वेळा येतो. तापमान, तेलाचा दाब, पेट्रोलचा खप यांचा १२७४८९, सेकंदाला दोनदा. तापमान जातं केल्विनमध्ये! मशीन साठ अंश सेल्सिअसला असेल तर तारेवरून आकडा जातो ३३३१५, म्हणजे ३३३.१५ केल्विन. मशीन किती तास चाललं तेही सेकंदांत मोजून जातं. आपल्याला समजेल असं भाषांतर गेज करतं. देवबागच्या वाळूत पालथ्या पडलेल्या होडीशेजारची बोट आतल्या आत केल्विनमध्ये बोलते, ही कल्पनाच मला सहन होईना.

पण आमचा रोग बोलण्यातला नव्हताच. तो निघाला लाल-काळ्या तारांत.

इथं मी स्वतःच चकले होते. मला वाटलं, कण्यावर इंजिन बसलंय, इंजिनाला बॅटरी आहे, म्हणजे वीज तिथूनच येत असणार. तसं नाही. आमच्या बोटीत मशीन कण्याला माहिती देतं, वीज देत नाही. कण्याला वीज घालायला वेगळा 'टी' लागतो आणि ती एकाच ठिकाणाहून घालायची. बारा व्होल्टांची, पण नऊच्या खाली गेली की यंत्रांनी जागं राहायची हमी नाही, वर सोळापर्यंत चालते. उघडी पाचवी तारसुद्धा याच एका ठिकाणी वजा बाजूला टेकवायची, दुसरीकडे कुठंही नाही. कोण किती वीज घेणार तेही प्रत्येकाच्या पाठीवर लिहिलेलं! एलईएन म्हणतात त्याला. एक एलईएन म्हणजे पन्नास मिलिअँपिअर. आमच्या गेजच्या पाठीवर तीन, इंजिनाच्या जोडावर एक, फिश फायंडरवर एक. (फिश फायंडरला पडद्यासाठी वेगळी वायर आहे, कण्यावरून तो एवढंच घेतो.) एकूण पाच, म्हणजे पाव अँपिअर. गाडीतला बारा वॉटचा दिवा याच्या चौपट घेतो. पंगतीला बसण्याआधी प्रत्येकानं आपण किती पोळ्या खाणार ते सांगून टाकावं, तसं. यजमानीण म्हणून मला ही व्यवस्था फार आवडली.

मग एवढ्याशा भुकेला वीज कमी कशी पडली?

अण्णांचा मीटर बाहेर काढला. आधी बॅटरीवर: १२.६. मग कण्याच्या 'टी'वर, चावी चालू, मशीन बंद: १२.४. बरं आहे. भावाला म्हटलं, आता मार स्टार्टर. (मशीनला पाण्याचा पाइप लावून घेतला होता. आउटबोर्ड कोरडं चालवायचं नाही, हे मला त्यानंच बजावलं.) स्टार्टरनं गुरगुर केली आणि काटा खाली आला, साडेआठावर! गेज काळं. काटा आहे म्हणून ती घसरण डोळ्यांनी दिसली, नुसत्या आकड्यांत इतकी दिसली नसती. पुन्हा बॅटरीच्या टोकांवर धरला: मार स्टार्टर. तिथं साडेदहा. बॅटरी वाकत होती, पण नऊच्या वरच. मधले दोन व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं.

आम्ही चावीमागची पट्टी उघडली. कारागिरानं कण्याची लाल तार चावीच्या तारेला पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. आणि चावीकडे येणारी तीच एक तार स्टार्टरच्या रिलेलाही वीज पुरवते! एरवी तिच्यावरून पाव अँपिअर जातो, कुणाला कळत नाही. चावी शेवटपर्यंत फिरली की रिले एकदम कितीतरी अँपिअर ओढतो, आणि त्या पिळलेल्या जोडावर सगळं अडतं. टेप सोलली तर आतलं तांबं हिरवंगार. घरगुती वायर होती ती. खाऱ्या वाऱ्यात एका हंगामात तिचा चिवडा झाला होता.

आता ऐका हं, मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बोटीची तार कशी असावी? तांब्याच्या बारीक बारीक धाग्यांची, आणि प्रत्येक धाग्याला कल्हई केलेली! कल्हई! लहानपणी दारात कल्हईवाला भाता फुंकत बसायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि काळवंडलेलं पातेलं चांदीसारखं व्हायचं. तीच कथलाची कल्हई धाग्याधाग्याला. कारण तेच: तांबं कळकू नये. दुकानदाराला मी म्हटलं, "कल्हई केलेली वायर द्या." तो बघतच राहिला. "टिन्ड" म्हटल्यावर समजला.

जाडी किती, हाच माझा गुरुवारच्या रात्रीचा गुणाकार. खरी भूक पाव अँपिअरची असली तरी फ्यूज तीनचा, तेव्हा तारेचा हिशेब तीनाचाच करायचा. बॅटरी मागं मशीनपाशी, 'टी' पुढं सुकाणूपाशी. वळणावळणानं आठ मीटर, परतीची धरून सोळा. दीड चौरस मिलिमीटरची तार ०.६४ व्होल्ट खाते. बोटीच्या कामात महत्त्वाच्या वाटेवर तीन टक्क्यांहून जास्त घट नको, म्हणजे बारा व्होल्टांत ०.३६. अडीचची तार ०.३८, अगदी काठावर नापास. चारची ०.२४. चार घेतली. भाऊ म्हणाला, "एवढ्याशा डब्याक एवढी जाड वायर?" मी वही दाखवली. तो काही बोलला नाही, पण वहीचा फोटो काढून घेतला.

आणि वीज घ्यायची कुठून? चावीवरून नाहीच. बोटीत दिवे आणि पाणी उपसायच्या पंपासाठी दुसरी बॅटरी होती, तिथून. स्टार्टरच्या धक्क्याशी तिचा संबंध नाही. अधिक टोकापासून वीतभराच्याही आत, सात इंचांत, तीन अँपिअरचा फ्यूज. फ्यूज गेजला वाचवायला असतो असं मी समजत होते. तो तारेला वाचवायला असतो, म्हणून बॅटरीच्या इतका जवळ. मग स्वतंत्र बटण, आणि मग 'टी'. टोकांना लग दाबून बसवले, वर गरम करून आवळणारी हीट श्रिंकची नळी. पिळणं नाही, टेप नाही. जोडापाशी वायरला खाली झोळ दिला, पाणी ओघळून खालून गळावं, जोडात शिरू नये म्हणून. हे पागोळ्यांच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

आवरत आलो होतो, तेवढ्यात मला आठवलं: टोकं! कण्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक लागतो. नाहीतर निरोप टोकाला आपटून प्रतिध्वनीसारखा परत येतो आणि मागून येणाऱ्या निरोपात मिसळतो. दोन १२० समांतर, म्हणजे पांढरी आणि निळी यांच्यात ६० ओहम दिसायला हवेत. वीज बंद केली, मीटर ओहमवर फिरवला. काट्याच्या मीटरवर ओहमची पट्टी उलटी, उजवीकडून डावीकडे वाचायची. अण्णांनी सातवीत असताना शिकवलेलं हात विसरला नव्हता. काटा थांबला १२० वर. म्हणजे एकच टोक! मागच्या टोकाला रोधकाऐवजी नुसतं धुळीचं टोपण बसवलं होतं. दिसायला अगदी सारखं. केबल आखूड म्हणून इतके दिवस निभावलं असणार. रोधक बसवला, काटा साठावर आला, आणि मी खरोखर टाळी वाजवली.

एव्हाना शेजारच्या बोटीचे तांडेलकाका येऊन बसले होते. सत्तरी ओलांडलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केल्विनसकट. मग म्हणाले, "आमी आवाज आयकान मशीन वळखतंव." आणि खरंच, ते आवाज ऐकतात आणि मशीनच्या बाजूनं निघणारी पाण्याची बारीक धार बघतात. धार कोमट आणि जोरात असली की पाणी फिरतंय, मशीन थंड होतंय. त्यांचा हात धारेखाली जातो आणि त्यांना समजतं. गेज काय वेगळं सांगणार?

भावानं बटण दाबलं. गेज उजळलं. मी मीटर 'टी'वर धरून बसले. चावी. गुरगुर. काटा हलला नाही! १२.६ वर खिळा ठोकल्यासारखा. मशीन पेटलं, गेजवर फेरे आले, हजाराच्या वर चढून आठशेच्या आसपास स्थिरावले.

"ताई, बंद नाय झाला गो!" भाऊ ओरडला. आठशे फेरे म्हणजे तारेवर ३२००, कारण पाव-पाव फेऱ्यात मोजतात, असं मी सांगू लागले. कुणी ऐकत नव्हतं. काकांनी धारेखाली हात धरला होता. मग उठून गेजजवळ आले, चष्मा वर करून तापमान वाचलं, पुन्हा जाऊन धारेखाली हात धरला. असं त्यांनी तीनदा केलं. शेवटी म्हणाले, "सांगता तर बरोबर."

बदलायला सांगितलेला तो इंजिनाचा कॉम्प्युटर अजून तोच आहे आणि ठणठणीत आहे. आमचा खर्च तार, लग, फ्यूज, बटण आणि एक रोधक.

आता माझी पंचाईत अशी की मला झोप येत नाही. कण्यावर मी एक जादा 'टी' बसवून घेतलाय, टोपण लावून रिकामा ठेवलेला. भावाला वाटतं तो चुकून आलाय. पण पेट्रोलच्या टाकीतून निघणारी ती गुलाबी तार अजून जुन्या काट्याच्या गेजकडेच जाते, ३३ ते २४० ओहममध्ये बिचारी हळू आवाजात काहीतरी सांगत असते. मध्ये एक छोटी डबी बसवली तर तेच ओहम टाकीच्या पातळीचा निरोप होऊन कण्यावर येतील. निरोप क्रमांक १२७५०५. डबीची भूक एक एलईएन. मी हिशेब केलाय, तार पुरते.